मोहरेच्या तीन बाजू

लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीत मी सासरची सोन्याची मोहर आमसुलानं आणि राखेनं घासली. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना तुमच्या मनात माझ्याबद्दल नको तेवढा आदर यायला नको. बरं, ओल्या फडक्यानं पुसली असंही नाही. तिच्यात माझं नाक दिसेपर्यंत घासली. नाक दिसलं तेव्हा कुठे माझं समाधान झालं.

तेव्हा मी एकवीस वर्षांची होते आणि मला सगळं येत होतं. आज बासष्टची आहे. त्यातलं बरंचसं विसरले, म्हणून माणसांत आले.

माझं माहेर पालीचं. घरात तांब्या-पितळेची भांडी रग्गड, आणि आमच्या आईचा एकच हट्ट: सणाच्या आदल्या दिवशी भांड्यात तोंड दिसलं पाहिजे. कळशी, घंगाळ, पळी-पंचपात्र, समया, सगळं माझ्याकडे. शेजारच्या बायका म्हणायच्या, "हिच्या हाताला काय चमक आहे हो!" या एका वाक्याच्या जोरावर मी लग्न करून रेवदंड्याच्या अलीकडे, या नारळी-पोफळीच्या वाडीत आले. नवरा काय करतो, वाडीत झाडं किती, विहिरीला उन्हाळ्यात पाणी राहतं का, असलं मी काही विचारलं नव्हतं. सासरी गेल्यावर घासायला काय काय मिळेल, एवढीच उत्सुकता.

मोहर त्या घरात माझ्या आधी चार पिढ्या होती. सासऱ्यांच्या आजोबांच्या वेळी आमची सुपारी गलबतातून सुरतेकडे जायची. तिथल्या कुणा शेटजीनं सुपारीच्या बदल्यात ती दिली, असं घरात सांगत. जुन्या रुपयाहून लहानच, पण जाड. तळहातावर ठेवली की आकाराच्या मानानं जड वाटेल असं वजन. दोन्ही बाजूंना फारसी अक्षरं, एकमेकांच्या अंगावर रेललेली. तिला कुणी कडी लावून गळ्यात घातली नाही की अडीनडीला मोडली नाही. तिला वर्षभर काम असं नव्हतंच. लक्ष्मीपूजनाला तांदळाच्या राशीवर बसायचं, आणि घरातल्या बाळाचं उष्टावण असेल तेव्हा सहाणेवर यायचं. सहाणेवर पाण्याचे दोन थेंब टाकून मोहरेच्या कडेनं दोन-तीन वळसे उगाळायचे, ते पाणी खिरीत कालवायचं आणि बाळाला पहिला घास त्या खिरीचा द्यायचा. पहिला घास सोन्याचा गेला की पोर पुढे ताटावर रुसत नाही, असं सासूबाई सांगत. आमचे हे ताटावर कधी रुसले नाहीत हे खरं. बाकी सगळ्यावर रुसतात.

मोहर कायम सासूच्या करंड्यात असायची. सून स्वतः आजी झाली आणि तिच्या नातवंडाचं उष्टावण आलं की त्या दिवशी सासूनं ती सुनेच्या हाती द्यायची. तोवर सुनेनं हात लावायचा तो सासू सांगेल तेवढ्यापुरता. सासू त्याआधीच गेली तर ती आपोआप सुनेकडे, तशी आमच्या सासूबाईंकडे आलेली.

तर त्या लक्ष्मीपूजनाच्या सकाळी सासूबाईंनी मोहर माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "देवापुढे ठेव." घास असं म्हणाल्या नव्हत्या. मी ती उलटसुलट करून पाहिली. एक बाजू बऱ्यापैकी लखलखीत. दुसरी तांबूस, काळपट, अक्षरांच्या खाचांत किती वर्षांचं काय बसलेलं. माझ्या मनात आलं, शी! एक बाजू करून दुसरी तशीच टाकून दिलीय. आमच्या पालीला असलं अर्धवट काम चाललं नसतं. सासरच्या माणसांची लाज झाकायला देवानं आपल्याला इथं पाठवलंय, अशा थाटात मी विहिरीवर गेले.

तिथं सुपारी सोलायला येणारी एक म्हातारी बाई पाय धूत होती. तिनं पाहिलं.

"वहिनी, सोना हाय ना तो?"

"हो. काळं पडलंय."

"लय नको घासूस. झिजंल."

"सोनं झिजत नाही," मी म्हटलं. वर हसले. त्या बाईचे हात जन्मभर सुपारीच्या सालांनी आणि कोयत्यानं घासून निघालेले. कुठली वस्तू कशानं झिजते हे तिला कळत होतं. मी शाळेत विज्ञान शिकले होते ना! आमसुलाची सालं, चुलीतली राख, त्यानं भागेना तेव्हा चिमूटभर रांगोळी. गोल गोल, गोल गोल. खाचांतला मळ काडीनं उकरून काढला. दुसऱ्या बाजूला हात लावला नाही, ती लखलखीत होतीच.

संध्याकाळी दिवे लागले. सासूबाईंनी राशीवरची मोहर उचलली, दिव्याजवळ नेली, बराच वेळ बघितली. मी त्यांच्या मागं कौतुकासाठी उभी. त्यांनी ती परत ठेवली आणि म्हणाल्या, "वाती जरा पुढे सार."

आनंदानं त्यांना बोलायला सुचलं नाही, असा मी अर्थ घेतला. सात-आठ वर्षं मी हाच अर्थ घेऊन सुखात होते.

मग एकदा गावातल्या वाचनालयात जुन्या नाण्यांचं प्रदर्शन लागलं. चौलच्या शाळेतले एक मास्तर नाणी जमवायचे, त्यांनी मांडलं होतं. मी मुलाला मांडीवर घेऊन पुढच्याच रांगेत बसलेले. मास्तर म्हणाले, "नाणं म्हणजे म्हाताऱ्या माणसाचा चेहरा. त्यावरचा रंग, खाचांत बसलेला काळ, हेच त्याचं वय आणि हीच त्याची साक्ष. ते घासून काढलंत तर उरतो नुसता धातू." आणि मग चष्म्यावरून सगळ्या बायकांकडे बघून म्हणाले, "नाणं घासणाऱ्यापेक्षा चोर परवडला. चोरानं नेलेलं नाणं कुठे तरी शाबूत तरी असतं."

माझ्या मांडीवरचं पोर रडायला लागलं. मी त्याला दाबून धरलं होतं हे मला नंतर कळलं.

तेव्हापासून दरवर्षी माझं एक गुप्त काम सुरू झालं. लक्ष्मीपूजनाची मांडणी माझ्याकडे. मी मोहर राशीवर ठेवताना माझी घासलेली बाजू खाली, तांदळात दडपायचे. आणि दरवर्षी आरतीच्या वेळी बघावं तर मोहर उलटलेली, माझी बाजू वर! सासूबाई हळदकुंकू वाहायला पुढे गेलेल्या असायच्या, तेवढ्यात हे व्हायचं. म्हणजे यांना कळलंय, आणि बोलून मोकळ्या होण्याऐवजी या माझं पाप वर्षातून एकदा देवासमोर मांडून ठेवतात! किती पोचलेली बाई! पुढच्या वर्षी मी पुन्हा बाजू खाली करायची, त्यांनी पुन्हा वर करायची. तेहतीस दिवाळ्या आम्ही दोघी तोंडातून शब्द न काढता ही मोहर उलटत राहिलो.

आता अलीकडची गोष्ट. मागच्या वर्षी आमच्या मुलाला मुलगी झाली आणि मी आजी झाले. सहा महिन्यांनी उष्टावण ठरलं. म्हणजे मोहर आता माझ्या हातात यायची. चाळीस वर्षं वाट पाहिली होती. खोटं कशाला बोलू, मला ती हवी होती. सोन्यासाठी नाही, या घरात मी आता पाहुणी नाही, हे सासूबाईंच्या हातून मला हवं होतं. त्या चौऱ्याऐंशीच्या झाल्या आहेत आणि अजूनही मी भाजीत मीठ घालताना मागं येऊन उभ्या राहतात.

आमची सून न्हावा शेव्याला ऑफिसात काम करते. तिथं कागदाशिवाय कंटेनर जागचा हलत नाही, त्यामुळे घरातली प्रत्येक वस्तू तिला कागदाशिवाय नागडी वाटते. तिनं फोनवर आमच्या मोहरेसारखी मोहर शोधून काढली आणि जेवताना सगळ्यांना दाखवली.

"आई, किंमत बघा! सोन्याच्या भावाच्या कितीतरी पट. आणि आपण ती कुंकवाच्या करंड्यात ठेवतो!"

"मग काय कंटेनरात ठेवायची?" सासूबाई म्हणाल्या.

"आजी, थट्टा नको. आधी जाणकार माणसाला दाखवू. फोटो, वजन, सगळं लिहून घेऊ, मग बँकेत लॉकर. आणि ते तपासून सांगतील तेव्हाच उगाळायची. माझ्या मुलीच्या पोटात जाणार आहे ती."

"अलिबागच्या सराफाला दाखव हवं तर," मी घाईनं म्हटलं. सराफ कसोटीवर रेघ मारतो, वजन करतो, भाव सांगतो. चेहरा बघत नाही.

"सराफ नको. चौलचे ते नाण्यांवाले सर आहेत ना, त्यांनाच उष्टावणाला बोलावलंय. सकाळी लवकर येतील."

मला ठसका लागला. गंमत म्हणजे सासूबाईंचाही घास हातातच राहिला. "मास्तर कशाला आणखी?" त्या म्हणाल्या. पण सुनेपुढे त्यांचं चालत नाही, तिच्या मांडीवर आता पणती आहे. घास ताटात ठेवून त्या म्हणाल्या, "बरं, बघू देत. मोहर कशी आहे ते मास्तर सांगतील, मग कुणाच्या हाती द्यायची ते मी ठरवते. पेणलाही माझी लेक आहेच."

पेणची लेक म्हणजे माझी नणंद. ती आयुष्यात स्वतःची चप्पलसुद्धा कधी घासत चालली नाही. मोहर तिच्या हातात शाबूत राहिली असती, हे मलाही मान्य करावं लागलं.

उष्टावणाच्या सकाळी सासूबाईंनी मोहर काढून मला देवापुढे ठेवायला सांगितली, चाळीस वर्षांपूर्वी सांगितली होती तशीच. देवघरात मी एकटी. आणि बासष्टाव्या वर्षी, केस पांढरे झालेले असताना, माझ्यातली ती एकवीस वर्षांची शहाणी पुन्हा उठून बसली. तिनं मला सुचवलं: चमक हीच अडचण आहे ना? मग मळव की तिला!

घरात काजळ होतं. तुपाच्या दिव्यावर मीच धरलेलं, कापूर घालून. सून बाळाच्या डोळ्यांत घालू देत नाही, म्हणून नुसतं तळपायाला तीट लावण्यापुरतं. मी ते बोटावर घेतलं, खोबरेल तेलाचा थेंब मिसळला आणि माझ्या बाजूच्या अक्षरांत भरलं. वरून पुसून घेतलं. खाचा काळ्या, उठाव सोनेरी. अशी जुनी दिसायला लागली, की मला वाटलं आपण हे आधीच का नाही केलं! मोहर देवापुढे ठेवली आणि देवाला नमस्कार करताना त्याच्याकडे बघितलं नाही.

मास्तर रिक्षानं आले. आता ऐंशीच्या घरातले, पाठीला बाक, पण डोळे तेच. ओटीवर बसले, पाणी प्यायले, बाळाच्या हातात पुस्तक दिलं. ते तिनं लगेच तोंडात घातलं. मग मास्तरांनी पिशवीतून एकेक काढलं: भिंग, लहानसा वजनकाटा, जाडी मोजायचं माप आणि शुभ्र पांढरा इस्त्रीचा रुमाल. सून समोर वही घेऊन बसली. सासूबाई पाटावर, मी खांबाला टेकून उभी, पळायचं झालं तर स्वयंपाकघर जवळ.

मास्तरांनी मोहर दोन बोटांत कडेनं धरली. नाण्याच्या पोटावर बोट लागू दिलं नाही. आधी काट्यावर ठेवली.

"अकरा ग्रॅमच्या आसपास हवी होती. दोन-तीन गुंजा कमी भरतेय."

सुनेनं लिहिलं.

मग माप लावलं, भिंग डोळ्याला लावलं. "सुरतेचीच असावी. टांकसाळीचं नाव अर्धंच उमटलंय. पण तो दोष नव्हे हं. साचा मोठा, चकती लहान, मग काही अक्षरं बाहेर राहायचीच. कारागिराच्या हातून जे राहिलं त्यानं किंमत कमी होत नाही. नंतरच्या हातांनी जे केलं त्यानं होते."

मी पायाचा अंगठा जमिनीत रुतवायचा प्रयत्न केला. फरशी आहे.

मास्तरांनी मोहर रुमालावर ठेवली, चष्मा पुसला आणि पुन्हा उचलली. रुमालावर फारसी अक्षरांचा काळाभोर छाप उमटला होता. उलटा, पण स्पष्ट. लग्नाच्या पत्रिकेवर छापतात तितका स्पष्ट.

मास्तरांनी रुमाल नाकाशी नेला.

"कापूर," ते म्हणाले. "आणि तूप. हे काजळ आहे."

सुनेनं आधी बाळाच्या डोळ्यांकडे पाहिलं. ते कोरडे, स्वच्छ. मग तिनं माझ्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटाकडे पाहिलं.

"आई?"

मी बोट पदरात घेतलं. पदर काळा झाला.

आता काय लपवायचं होतं? मी खांब सोडून पुढे आले, खाली बसले आणि म्हटलं, "मी घासली. पहिल्या दिवाळीला. आमसूल, राख आणि रांगोळी. आणि काजळ आज सकाळी." सासूबाईंकडे बघायचा धीर झाला नाही, म्हणून हे सगळं मास्तरांना सांगितलं. "तुमचं ते वाचनालयातलं भाषण मी ऐकलं होतं. चोर परवडला म्हणालात. त्या दिवशी मी घरी येऊन भीतीनं दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या."

मास्तर हसले नाहीत. मोहर उन्हाच्या तिरिपेत धरून त्यांनी सुनेला जवळ बोलावलं. "बघ. न घासलेल्या नाण्यावरची चमक नाणं कललं की त्याच्याबरोबर फिरते, रहाटाच्या चाकासारखी. घासलेली चमक जागच्या जागी बसून असते, स्टीलच्या ताटासारखी. आणि हे भिंगातून बघ, बारीक गोल गोल रेघा. राखेतले खडे. वहिनी खरं सांगतायत, हा हात गोल फिरलाय."

मग त्यांनी मोहर उलटी केली. पुन्हा भिंग लावलं. यावेळी जरा जास्त वेळ.

"पण ही बाजू यांनी घासलेली नाही."

"नाहीच," मी म्हटलं. "ती लखलखीतच होती."

"लखलखीत नव्हती, घासलेली होती. तुमच्या कितीतरी आधी. रेघा सरळ आहेत, खाली-वर, खाली-वर, आणि जाड. हे राखेचं काम नाही. हे वाळूचं. आपल्या किनाऱ्यावरच्या पुळणीचं." त्यांनी मान वर केली. "ही कुणी घासली?"

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या पणतीच्या झबल्याची नाडी बांधत होत्या. नाडी बांधलेलीच होती.

"सोळा वर्षांची होते मी," त्या झबल्याला म्हणाल्या. "मला काय कळतंय? पुळणीवर नेली, पदरात पुळण घेतली आणि ओढली खाली-वर. एक बाजू झाली आणि आमच्या सासूबाई हाका मारत आल्या, म्हणून दुसरी वाचली. तीन दिवस बोलल्या नाहीत माझ्याशी. बरेच दिवस मी वाट बघायचे, दुसरी कधी तशी होते." आणि मग माझ्याकडे बघून, "ती तू केलीस. त्या रात्री किती वर्षांनी पोटभर जेवले मी. दोन्ही सारख्या झाल्या."

"आणि दर दिवाळीला उलटायच्या ती मोहर..." मी म्हटलं.

"माझ्या रेघा जाड, माझी बाजू दिसायला नको म्हणून. तू मेली दरवर्षी वर करून ठेवायचीस! मला वाटायचं, हिला कळलंय आणि ही मला छळते."

सून वही बाजूला ठेवून हसायला लागली. तिचं बघून बाळ हसलं. मास्तरांनी रुमाल तोंडाला लावला आणि त्यांच्या मिशीला काजळ लागलं, तेव्हा मात्र मलाही आवरलं नाही.

पण मास्तरांचं अजून संपलं नव्हतं. "नाण्याला तीन बाजू असतात," ते म्हणाले, "दोन पोटं आणि एक कड. कड बघायची राहिली." त्यांनी मोहर उभी धरून सावकाश फिरवली आणि एका जागी थांबवली. तिथं गोलाई सपाट झाली होती, साबणाच्या जुन्या वडीसारखी. "हे काय? हे मात्र घासकामातलं नाही. दगडावर झिजलंय. त्या दोन-तीन गुंजा इथून गेल्या. कुठे गेल्या?"

"पोटात," सासूबाई म्हणाल्या.

"म्हणजे?"

"उगाळून चाटवतो आम्ही. माझ्या सासऱ्यांच्या पोटात गेली, यांच्या गेली, माझ्या मुलाच्या आणि पेणच्या लेकीच्या गेली, हिच्या नवऱ्याच्या गेली." त्यांनी सुनेकडे बोट केलं. "तुमच्या काट्यावर घरच्या माणसांना बसवा, वजन बरोबर भरेल."

मास्तरांनी मोहर खाली ठेवली. "जमवणारा माणूस काय म्हणेल ते सांगतो. दोन्ही पोटं घासलेली, कड झिजलेली. सोन्याचा जो भाव असेल तो, आणि वर कौतुकाचे चार पैसे. फोनवर पाहिलीत तसली किंमत नाही. खोटी मात्र नाही, सोनं चोख आहे." त्यांनी भिंग पिशवीत टाकलं. "माझ्या भाषणात एक राहून गेलं होतं. चोरापेक्षा वाईट म्हणालो होतो. पण चोराच्या हातातल्या नाण्यावरून त्या घरात किती पोरं जेवली, हे मला कधीच सांगता आलं नसतं."

सुनेनं वहीत काय लिहिलं ते मी नंतर पाहिलं. वजन, जाडी, टांकसाळ अर्धी, आणि खाली: 'एक बाजू आजी, एक बाजू आई.' लॉकरचा विषय तिनं पुन्हा काढला नाही.

"मग उगाळायची का?" मी विचारलं. ते सुनेवर होतं. तिनं मोहरेकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं. मग उठली, सहाण उकळत्या पाण्यानं तीनदा धुतली, मोहरही साध्या पाण्यात बुडवून काजळ काढलं, घासलं नाही, नुसतं बुडवलं, आणि म्हणाली, "एक वळसा. एकच हं, आजी."

सासूबाईंनी एकच वळसा दिला. निदान मी बघत होते तोवर. खिरीचा पहिला घास बाळाला मिळाला. तिनं तो तोंडात घोळवला, विचार केला आणि अर्धा मास्तरांच्या सदऱ्यावर परत केला. मास्तर म्हणाले, सोन्यानं मढवलंत मला.

पंगत उठली, मास्तर निजायला गेले, सून बाळाला घेऊन आत गेली. मी पडवीत पानाचं तबक आवरत होते. मोहर आता पेणला जाणार, हे मी मनाशी धरलंच होतं आणि त्याचं मला आश्चर्य म्हणजे फारसं वाईटही वाटत नव्हतं. जिच्याकडून हवी होती, तिला मी चाळीस वर्षांत पहिल्यांदाच ओटीवर सगळ्यांसमोर लाजताना पाहिलं होतं. यापेक्षा जास्त आतली माणसं आम्ही आणखी काय होणार?

मागून सासूबाई आल्या. हातात कुंकवाचा करंडा, अख्खा. त्यांनी तो माझ्या हातातल्या तबकात पानांच्या मधोमध ठेवला, झाकण उघडून मोहर आत आहे ना ते पाहिलं, झाकण लावलं आणि म्हणाल्या:

"घे. आता घासायला हिची एकही बाजू उरली नाही, तेव्हा तुझ्या हातात द्यायला हरकत नाही."